कोपर

अर्जातला सातवा रकाना : कर्जाचं कारण.
लग्न, दवाखाना, दुचाकी, फी,
पंधरा वर्षं हेच लिहीत आलो मी
गोळीबार चौकातल्या आमच्या पतसंस्थेत.
कुसुमबाई बारापात्रे म्हणाल्या, लिहा, ऊन पाणी.
विचारलं, ऊन की पाणी?
"एकच हाय जी."

चाळीस वर्षं बाळंतिणींच्या न्हाणीत गेली त्यांची.
पाय पसरून बसायचं, पोटऱ्यांवर पालथं बाळ,
आणि तांब्या ओतण्याआधी
पाण्यात कोपर.
"हाताले सवय पडली, हात खोटं सांगते.
कोपर नाही सांगत."

स्वतःच्या घरी बादलीत रॉड,
काळ्या टेपनं बांधलेला,
एकदा झटका दिल्यापासून पायाखाली पाट.
बिल त्यांनी चार घड्या करून आणलं होतं.
"मे महिन्यात काही नको,
टाकीतलंच पाणी पोळते.
पण पूसात गुडघे ऐकत नाहीत.
तिकडं कोराडीले कोळसा जळते,
मंग तार येते, मंग रॉड, मंग माही बादली.
एवढा फेरा कशाले?
ऊन तं डोक्यावरच हाय."

वीज वाचवणाऱ्या वस्तूला आमच्याकडे
दीड टक्का व्याज कमी.
अनुदानाचा वेगळा कागद, फोटोसह, तीन प्रतींत.
जामीनदार दोन.
त्यांनी मोजायला सुरुवात केली
कोणाकोणाला न्हाऊ घातलंय ते,
बोटं संपली, मी म्हटलं, दोनच पुरे.

मग माणूस छत पाहायला गेला.
छत टिनाचं.
शंभर लिटरची टाकी म्हणजे
शंभर किलो पाणीच, वर लोखंड.
अर्ज नामंजूरच्या गठ्ठ्यात गेला,
मीच ठेवला.

आठव्या दिवशी त्या आल्या, सोबत शेजारच्या
यमुना ढकाते. त्यांच्याकडे स्लॅब आहे,
पैसे नाहीत.
दोघींची एक टाकी, गल्लीवरून एक पाइप,
हप्ता अर्धा अर्धा.
अशा कर्जाला आमच्याकडे रकाना नव्हता.
मॅनेजर चष्मा पुसत बसले.
मी पट्टी घेतली, सातव्या रकान्याखाली
पेनानं एक ओळ आखली.

जानेवारीत पाहणीला गेलो, सकाळी साडेसहाला,
कानाला मफलर, गल्लीत धुकं.
अनुदानाची पोच आली होती,
अनुदान यायचं होतं.
कुसुमबाईंनी नळ सोडला.
आधी पाइपातलं थंड पाणी आलं,
ते त्यांनी भांड्यांसाठी बाजूला काढलं,
वाया जाऊ दिलं नाही.
"थांबा जी, येते."
पलीकडं यमुनाबाई ओरडल्या,
"सारं नको घेऊ वं, मले बी ठेव!"

मग वाफ आली.
कुसुमबाईंनी पदर खोचला, वाकल्या,
बाही वर केली
आणि बादलीत कोपर घालून
जरा वेळ तशाच राहिल्या.

न्हाणीत बाळ कुठलंच नव्हतं.