सोमवारी उद्यमनगर बंद असतं

सोमवारी उद्यमनगर बंद असतं.
भट्ट्या निवलेल्या, लेथवर फडकी टाकलेली,
आणि आम्ही तिघं पहाटे पाचला
इलाहीच्या छोटा हत्तीत सायकली आडव्या घालून
बाजारभोगावच्या पुढं.

माझी सायकल सेकंडहँड.
मागच्या गिअरचा हँगर मीच घडवला,
रिजेक्ट मालातल्या ॲल्युमिनियमचा.
किंचित वाकडा आहे, चौथ्या गिअरला कुरकुरतो
असं इलाही म्हणतो.
मला काही ऐकू येत नाही.
डावा कान एकवीस वर्षांत
फेटलिंग शॉपला दिला. उजवा निम्मा.

डांबर संपतं तिथं टायरातली हवा कमी करायची,
अंगठ्यानं दाबून, पिकल्या पेरूएवढी.
मग जंगल.

पायवाट आधी गुरांची असते,
मग पाण्याची,
मग कुणाचीच नाही.
ऐनाच्या मुळ्या आडव्या, शेवाळलेल्या,
त्यांच्यावर ब्रेक मारायचा नाही
हे मी तीनदा पडून शिकलो.
नजर मुळीवर ठेवली की चाक मुळीवरच जातं.
नजर पुढं टाकायची, त्या दोन झाडांच्या मधल्या उजेडात,
सायकल मागनं येते, वासरासारखी.

भैरू सगळ्यांच्या पुढं.
तो उतारावर ओरडतो म्हणे.
मला फक्त त्याचे खांदे उडालेले दिसतात
आणि त्याच्या चाकानं फेकलेला
जांभ्याचा तांबडा चिखल, माझ्या दातांत.

एका वळणावर दोघं थांबले.
"ऐक," इलाहीचे ओठ म्हणाले.
त्यांच्या तोंडावर जे पसरलं ते बघून
मी ओळखलं, धबधबा जवळ आहे.
मीही मान हलवली,
लग्नाच्या पंगतीत दुसऱ्यांच्या विनोदांना हलवतो तशी.

पण मग हँडलवर तळहात टेकले,
आणि पाणी वर आलं.
जमिनीतनं टायरात, टायरातनं फोर्कात,
मनगटात, कोपरात,
बरगडीच्या आत जिथं घास अडकतो तिथवर.
मोल्डिंगच्या मशीनवर हात ठेवून
पेटी नीट ठोकली का ते आम्ही असंच बघतो.

"डावीकडं आहे," मी म्हणालो.
"आणि त्याच्या मागं अजून एक. बारका."
भैरू हसला.
पुढं जाऊन बघितलं तर होता,
कारवीच्या आड, दोन हात रुंद,
कुणी फोटो न काढलेला.

वर धनगरवाडा. चार घरं, ओल्या म्हशी.
ठकूबाईनं तांब्याभर ताक दिलं,
आणि माझ्या पोटरीवरची जळू
चिमूटभर मिठानं, न विचारता.
ती ओरडून बोलत होती. मीही.
किती वर्षांनी समोरचं माणूस मला
"हळू बोल की" म्हणालं नाही.

"ह्या आवाजात झोप लागती, मावशे?"
"कसला आवाज?"
मी धबधब्याकडं हात केला.
"ह्यो व्हय! ह्यो कुठं ऐकू येतोय आमाला.
माघात आटतो बघ, त्या रातीला
सगळा वाडा जागा.
म्हशीबी उठून उभ्या ऱ्हात्यात.
दोन-तीन राती कोण डोळा लावत न्हाई."

उतरताना मी मागं राहिलो.
सोमवारी रात्री मी दोनदा उठतो,
पाणी पितो, खिडकीत जातो,
बायकोला वाटतं साखर वाढली असंल.
रिपोर्ट दरवेळी चांगला येतो.

पुढं इलाही थांबला होता.
माझ्या मागच्या चाकाकडं बोट दाखवून
तोंड मोठ्ठं उघडत म्हणाला,
"लई कुरकुरतोय गा. बदलून टाक ह्यो."

मी वाकून हँगरवर बोट ठेवलं,
पेडल हातानं फिरवलं.
चौथ्या गिअरला बारीक कंप,
मांजराच्या गळ्यासारखा.

"ऱ्हाऊ दे," म्हणालो.