लिटरला पस्तीस ग्रॅम

एकतीस वर्षं बोगुमिलनं
बोख्नियाच्या खाणीत मीठ फोडलं.
आता माझ्या दुकानात येऊन
मिठाची बादली विकत घेतो.
पावती दोनदा वाचतो. हसत नाही.

"तो निळा," काचेवर बोट टेकवून म्हणतो.
तो हातभर वाढतो, मी सांगते,
तुमची टाकी म्हणजे त्याला कपाट.
आधी नुसतं पाणी ठेवा. दगड ठेवा.
सहा आठवडे
काहीच नसलेल्याची काळजी घ्या.

घेतो. दर शनिवारी जॅमच्या बरणीत
नमुना आणतो. मी थेंब टाकते,
दोघं वाकून रंग बघतो:
हिरवा. अजून हिरवाच.
मग, मार्चात, एकदाचा पिवळा.

पहिली क्लाउनफिशची जोडी,
व्रोत्सवाफच्या कुणाच्या तळघरात जन्मलेली,
समुद्र न पाहिलेली.
"मीही कुठे पाहिलाय," तो म्हणतो.
आणि प्रवाळ? चुका पोटात घालणारं एखादं.
हे झोआन्थिड घ्या, नाण्याएवढं,
पण हाताला जखम असेल तर शिवू नका, विषारी असतं.
तो तळवे उलटे करून दाखवतो.
कुठली जखम मोजू?

काल बरणीशिवाय आला.
मेले, मला वाटलं.
त्यानं खिशातून रुमाल काढला, रुमालातून शिंपला,
नखाएवढा, करडा.
अडीचशे मीटर खाली मिठाच्या भिंतीत सापडलेला,
वर कुणाला न सांगितलेला.
"टाकीत ठेवला तर चालेल?"

रात्रभर गोड्या पाण्यात भिजवा, मी म्हणाले.
मग बघू.