रकाना एकोणीस

मकरपुऱ्याच्या शेडमध्ये मी फॉर्म उघडते.
गेल्या वर्षभरात इजा?
नारसिंगभाई राठवा मान हलवतात. नाही.
आणि चहाचा पेला पुढे करतात
साडेतीन बोटांनी.

हे होय? हे कुठलं, बेन.
दवाखान्यात राहिलो असतो तर इजा.
रुमाल गुंडाळला, पाळी पुरी केली.

गार्ड आहे. खिळ्याला टांगलेलं.
तपासणीवाले यायचे त्या दिवशी
पाहुण्यांसाठी काढलेल्या चादरीसारखं
झटकून बसवतात.
एरवी नग कमी पडतात,
आणि पैसे नगावर.

पुढचा प्रश्न, एकोणिसावा,
दांडिया बाजारातल्या घरी, रात्री जागून
मीच गुजरातीत उतरवलेला:
थोडक्यात वाचलात, असं कधी झालंय?
ते विचार करतात.
मागे प्रेस पडतो, उठतो, पडतो.
कालचं सांगू,
की आज सकाळचं?

रकाना दोन बोटं रुंद.
मी पान उलटून
मागच्या कोऱ्या बाजूला लिहू लागते.
शेजारच्या यंत्रावरची कवांटची पोर
मान वळवून बघते,
काय एवढं लिहितेय ही,
आणि तिचा हात अजून आतच.

अगं, इकडे नको, हाताकडे बघ!
मी ओरडते, चक्क मराठीत.

प्रेस पडतो.

उठतो.

ती दहाही बोटं हवेत धरून
हसते, ओठ पांढरे.
माझी रेघ पानाबाहेर गेलेली.

तिच्याखाली लिहिते:
आज, तीन वाजून दहा मिनिटं.
थोडक्यात.
कारण: प्रश्न विचारणारी.