तिसऱ्या गाठीपासून

आलेखवह्या आल्या नाहीत.
साकोलीहून निरोप तेवढा आला, येतील म्हणून.

मग रिना नान्हेने आज्याचं जाळं आणलं,
इतक्यांदा सांधलेलं
की मूळ सूत कुठलं ते आज्यालाही सांगवेना.
चार कोपऱ्यांना चार पोट्टे, ओढलं ताणून,
तरी घरं सगळी शंकरपाळ्यासारखी तिरपी.
"जाळं नोका फिरवू," रिना म्हणाली, "आपनच फिरू."
कोपऱ्याशी जाऊन उभे राहिलो
आणि चौकटी सरळ झाल्या.

एक बांबू आडवा, एक उभा.
y = 2x + 3.
आधी तीन बघा, दोनाला घाई नाही.
उभ्या बांबूवर तिसरी गाठ,
तिला खडू फासला, वर शिंगाडा ठेवला.
अजून पाऊलही टाकलं नाही, x शून्यच,
आणि पदरात तीन.
"फुकटचे, मॅडम?" कोपरा धरलेल्या विलासने विचारलं.
फुकटचे नाही रे. आधीचे.

मग एक गाठ उजवीकडे, दोन वर. शिंगाडा.
एक उजवीकडे, दोन वर.
सातव्या शिंगाड्याला जाळं संपलं.
रिनाचं बोट थांबलं नाही,
कुंपण, कापलेलं धान, तलावाची पाळ,
पार तिकडच्या मोहावर.

पाळीवरून आठवलं, तलावाचं मांडू.
आज पायऱ्यांवर अकरा हात पाणी,
महिन्याला एक हात उतरतं असं धरू.
अकराव्या गाठीपासून एक उजवीकडे, एक खाली.
चढ, वजा एक.

मंगरू आजा कधीचा बिडी विझवून उभा होता.
"उतरून रायली ना थे? मंग चढ कायची?"
पुस्तकात तसंच आहे, बाबा.
उतरली तरी चढच म्हणतात.
तो हसला नाही.
रेषा आडव्या बांबूला टेकली तिथे वाकून पाहिलं,
"इथं पानी सरते म्हनता. बरं.
पन मासा इथवर वाट नायी पाहत, मॅडम."

याचं समीकरण मला येत नव्हतं.
तेवढ्यात विलास शिंकला, कोपरा सुटला,
दोन्ही रेषा घसरत मधोमध येऊन
शिंगाड्यांचा नुसता ढीग झाला.
खाऊन टाकला.

संध्याकाळी जाळं पाण्यात गेलं.
तिसऱ्या गाठीवरचा खडू
कोणी पुसला नव्हता.