अर्धा मिलिमीटर

पहिल्या असाइनमेंटला खैरनार सरांनी
एक काळा कागद दिला आणि एक पांढरा ठिपका.
म्हणाले, ठेव कुठंही. फक्त मधोमध नको.
कॉलेज रोडच्या त्या दुसऱ्या मजल्यावर,
खाली सँडविचवाला तवा खरवडत असताना,
मी तो ठिपका चाळीस वेळा उचलला.
रुमाना कोकणीनं तिचा एकदाच ठेवला,
कोपऱ्यापासून जरा आत,
आणि डबा उघडला.
तिचा ठिपका बसला होता. माझा अजून उभाच.

मग अक्षर. ताटाएवढा 'ळ' काढायचा
आणि शाई अक्षरात नाही भरायची,
त्याच्या दोन्ही पोटांतल्या पोकळीत भरायची.
तीन दिवसांत मला पाट्या वाचता येईनात.
नावांऐवजी नुसत्या फटी दिसायच्या,
आणि दहीपुलावरचं एक अख्खं दुकान
वेलांट्यांच्या ओझ्यानं डावीकडं कललेलं.

आई नोट प्रेसमध्ये होती, तपासणीत, सव्वीस वर्षं.
तिथलं घरी काही आणायचं नाही, शब्दसुद्धा.
आम्हाला माहीत एवढंच, की ती कुठलाही कागद
आधी कानाशी हलवते, मग तिरका धरते,
मग वाचते, वाचायचा असेल तर.
लग्नपत्रिका, लाइटबिल, माझी बारावीची मार्कशीट.

माझं पहिलं रंगीत पोस्टर, बेदाण्याचं,
मी तिच्यापुढं धरलं. तोल, विरोध, लय,
जर्नलमध्ये लिहिलं होतं तसं सगळं सांगितलं.
ती म्हणाली, निळा सरकलाय.
किती?
अर्धा मिलिमीटर असेल. आमच्याकडं बाद.
आणि मेथी निवडायला बसली.
मी भिंग आणलं. मग भिंग जागेवर ठेवून दिलं.

शेवटचा प्रोजेक्ट होता
बिटकोच्या बसथांब्यावरची पाटी, नव्यानं.
महत्त्वाचं वर, मोठं; बाकीचं उतरत्या क्रमानं.
मी वर बोधचिन्ह टाकलं, त्याखाली 'सुस्वागतम्',
मग पिवळ्या वर्तुळांत मार्ग क्रमांक,
सगळं आठ रकान्यांच्या ग्रिडमध्ये, एक रेघ बाहेर नाही.
आईनं ती तिरकी धरली नाही. हात लांब करून धरली.
विचारलं, निमाणीची शेवटची किती वाजता?
ही काय, म्हटलं, तळाला, बारीक टायपात.
दुसरी पाळी सुटल्यावर हे दिसणार आहे मला?
अगं, बाकीचं कुणालाही विचारता येतं.
शेवटची गेली, की विचारायला कुणी नसतं.

सव्वीस वर्षांतला तिनं सांगितलेला
प्रेसमधला हा पहिला किस्सा,
आणि त्यात प्रेस नव्हतीच.

रात्रीतून मी पाटी उलटी केली.
शेवटची बस सगळ्यांत वर, आकडे तळहाताएवढे.
बोधचिन्ह खाली नेलं;
पंगतीतून उठवल्यासारखं ते बघत राहिलं माझ्याकडं.
सरांनी चष्मा कपाळावर चढवला.
बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग म्हणाले, उजवा समास कमी का?
चुकला, सर.
दोन मार्क गेले.

शालिमारला सनबोर्डवर छापून घेतली,
रुमानानं टेप आणली, परवानगी कुणी विचारली नाही.
आठवड्यानं पाहायला गेले, तर खालच्या अर्ध्यावर
'घरबसल्या कमवा' चिकटवलेलं,
बोधचिन्हावर, 'सुस्वागतम्'वर, माझ्या नावावर.
वरच्या आकड्यांवर एक माणूस बोट ठेवून उभा,
दुसऱ्या हातात कुकरची नवी रिंग.
त्यानं मनगट पाहिलं,
कठड्याला टेकला, आणि बिडी पेटवली.

मी मात्र वर्तुळाची कड बघत होते.
पिवळा सरकला होता.
अर्धा नाही. पाऊण.