टफ

न्यू जर्सीची ऑर्डर आली तेव्हा
अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये पत्रा तापून
टिकटिक वाजत होता.
बारा हजार नॅपकिन, तिकडच्या जिमसाठी,
काठावर विणायची पाच इंग्रजी अक्षरं,
आणि नमुन्याला एक जुना फोटो :
त्यांच्या मोठ्या लढाईनंतरचा कुणी गडी,
चामड्याची टोपी, नाकाचं हाड सरकलेलं,
दातांत खिळे धरल्यासारखा जबडा.

नायना फोटो लांब धरून म्हणाले,
याचं पोट दुखतंय का?

मी शेडमध्ये बिलं करते, इंग्रजी माझ्याकडे.
म्हणून त्यांनी मलाच विचारलं, काय विणतोय मी?
टफ, म्हटलं.
म्हणजे?

कडक म्हणावं, तर कडक आमची भाकरी,
महिनाभर टिकते आणि बोटानं मोडते.
टणक म्हणावं, तर आवळूसुद्धा टणक असतं.
निबर भेंडी, राठ तळवा, वातड खोबरं.
चिवट म्हटलं तर नायनांना राग आला असता,
चिवट आमच्यात उधारी मागणाऱ्याला म्हणतात.
मी म्हटलं, रडत नाही तो.
हां, म्हणाले, आणि मागाकडे वळले.

एकोणऐंशी साली धोटा उडून भुवईवर बसला.
यांनी सुताचा चोथा दाबला, वर फडकं बांधलं
आणि पाळी पुरी केली.
मालकानं पाठीवर थाप मारली : वाघ आहेस, मल्लय्या!
वाघाला त्या दिवसाची मजुरी मिळाली.
टाक्यांचे पैसे अम्मानं दिले,
हजार विड्यांमागे जे मिळायचं त्यातून.
तिच्या खोकल्याचा फोटो
कुठल्याच कंपनीनं मागितला नाही.

मागाबद्दल मला इतकंच ठाऊक आहे :
सुताला आधी खळ पाजतात,
नाहीतर ओढीनं तुटेल.
आणि टॉवेल विणायला दोन ताणे लागतात,
एक ताठ,
एक मुद्दाम सैल सोडलेला.
त्या सैल धाग्याचेच फासे उभे राहतात,
तेच घाम पितात.
खळ मात्र शेवटी धुऊन काढावी लागते.
न धुतलेला टॉवेल दिसायला छान ताठ असतो,
अंगावरून नुसता पाणी सरकवत नेतो.

नायनांची खळ कुणी धुतली नाही.

मार्चमध्ये त्यांना सिव्हिलला नेलं.
कानावर डबे, समोर काच,
आवाज आला की बोट वर करा.
त्यांनी दर वेळी बोट वर केलं.
आवाज नव्हता तेव्हाही केलं,
एका ठेक्यात, खटक्-खट्, खटक्-खट्.
सिस्टरनं कागद फिरवून पाहिला.
बाहेर आल्यावर मी ओरडले, खोटं कशाला?
तर म्हणाले, पोर बिचारी एवढी बटणं दाबत होती.
सारखं नाही कसं म्हणायचं?

ऑर्डर गेली. पाच पेट्या परत आल्या,
काठ आखडला म्हणून.
त्यातलाच एक नॅपकिन आता आमच्या मोरीत,
टफ, उलटा टांगलेला.

काल जेवताना विचारलं,
नायना, दुखतं का हो कुठे?
त्यांनी डावा कान पुढे केला :
गट्टिगा चेप्पु.

गट्टि. घरातला शब्द, इतके दिवस घरातच होता.
गट्टि म्हणजे घट्ट, मजबूत, न हलणारं.
आणि गट्टिगा चेप्पु म्हणजे फक्त,
मोठ्यानं सांग.

मी मोठ्यानं विचारलं.
समोरच्या बोल्लींच्या दारातून दोघी डोकावल्या.
दुखतं का?

नायनांनी भाकरी मोडली, कडाकड,
तुकडे आमटीत टाकले,
वर बोटानं दाबून धरले
आणि मऊ होण्याची वाट बघत
बसून राहिले.