पलंग, एकशे पंच्याऐंशी रियाल

गुरुवारी रात्री दहाला शटर अर्धं खाली येतं
आणि रुवीतल्या फर्निचरच्या शोरूममध्ये
आमचं हॉस्पिटल उघडतं.
मंडळाचे खजिनदार इथले मॅनेजर,
त्यामुळे पलंग फुकट.
अट एकच, वरचं प्लास्टिक काढायचं नाही.

मृदुला केळसकर त्यावर आडवी होते, माझी बायको म्हणून.
उशाशी किमतीचा टॅग लोंबतोय.
ती कूस बदलते तेव्हा
सगळं दुःख चिवड्याच्या पिशवीसारखं कुरकुरतं.

प्रवेश दुसरा. मी रिपोर्टचं पाकीट घेऊन येतो.
हात थरथरतात, म्हणजे मी थरथरवतो.
फोडतो, वाचतो, गुडघ्यांवर कोसळतो.
नाबर म्हणतात, कोसळू नकोस. थांब.
मनात पाचपर्यंत मोज, मग बोल.

मी मोजतो. एसीची घरघर मधे येते.
गालिच्यांच्या बाजूने कुणीतरी शिंकतं.

मृदुला उठून बसते.
दिवसभर ती अल खुवैरच्या एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते,
रिपोर्टही तिच्याच खिडकीतून जातात.
'असं कुणी करत नाही हो,' ती म्हणते.
'पाकीट हातात आलं की माणसं आधी विचारतात,
गाडी समोरच लावलीय, चालेल ना?
पार्किंगचे पैसे कितीपर्यंत भरायचे?
परवा एकाने माझंच पेन स्वतःच्या खिशाला लावलं
आणि थँक्यू म्हणून निघून गेला.'

नाबरांनी ते वहीत टिपून घेतलं.

पुन्हा. मी येतो. पाकीट न उघडता पार्किंगचं विचारतो.
दिवे सांभाळणारा शिजू,
ज्याला मराठीचं एक अक्षर कळत नाही,
मोबाइल खाली ठेवतो.
मग संहितेत लिहिल्याप्रमाणे ती माझा हात जवळ ओढते
आणि तिचा अंगठा, सवयीनेच,
माझ्या कोपराच्या खळगीत शीर चाचपू लागतो.
'सॉरी,' ती पुटपुटते. प्लास्टिक कुरकुरतं.
नाबरांना वाटलं, आम्ही बसवलंय. म्हणाले, हे ठेवा.

साडेअकराला बाहेर आलो तर चष्म्यावर वाफ धरली.
समोरची दुकानं नुसती दिव्यांची भुरकट माळ.
देवरुखला एक वाजला असणार.
तरी वैजूने पहिल्याच रिंगला उचलला.

'झाली तालीम?'
'झाली. जेवलीस?'
'एक वाजता जेवायचं काय विचारतोस.'
चष्मा शर्टाला पुसत राहिलो.
मग विचारलं, सोमवारपासून दोघंही जे ओलांडून जात होतो ते.
रिपोर्ट आणलास का गं?

'गेले होते रे,' ती म्हणाली,
'पण दवाखान्यासमोर स्कूटी लावायला
जागाच नव्हती.
आले परत.'

फूटपाथवर मी तसाच उभा.
पाच झाले.
सहा.
सात.